ईआर, पीआर, हर-टू आणि कॅन्सरचं पसरणं: रिपोर्टच्या तीन ओळींआड काय चालतं?

पॅराफिन_ब्लॉक

मिरजेत फाईल घेऊन हिंडणाऱ्या, स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटच्या कापडी पिशवीत एक कागद हमखास असतो, आयएचसीचा, म्हणजे गाठीतली प्रथिनं रंगवून बघण्याच्या तपासणीचा. त्यावर तीन ओळी: ईआर ८/८, पीआर ५/८, हर-टू २+. नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पॉझिटिव्ह म्हणजे वाईट ना?" कोविडनं या शब्दाची पार वाट लावून ठेवली आहे. दुसरा प्रश्न जास्त खोल असतो: "मग हा पसरणार का?" पहिल्याचं उत्तर, पॉझिटिव्ह म्हणजे तो रिसेप्टर गाठीत सापडला एवढंच, बहुतेक जण नीट देतात. दुसऱ्यावर मात्र "ईआर म्हणजे सौम्य, हर-टू म्हणजे जहाल" एवढ्यावर भागवलं जातं. ते अर्धवट आहे, म्हणून हा धागा.

आधी मूळ यंत्रणा. इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे ईआर, हे इस्ट्रोजेन हार्मोनचा निरोप पकडणारं प्रथिन; तो पेशीच्या केंद्रकात असतो. हार्मोन नसताना तो एचएसपी-९० या प्रथिनाला चिकटून गप्प बसतो. इस्ट्रोजेन मेदात विरघळणारं, त्यामुळे पेशीपटलातून सरळ आत येतं आणि रिसेप्टरला धरतं. मग दोन रिसेप्टर जोडीनं डीएनएच्या ठरावीक जागेवर बसतात आणि सायक्लिन डी-१, मिक अशी विभाजनाला लावणारी जनुकं चालू होतात. त्याच यादीत प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरचं जनुकही आहे. म्हणून पीआर ही नुसती दुसरी ओळ नाही. ईआरची तार खरंच जिवंत आहे याची ती खूण आहे. ईआर भरपूर पण पीआर शून्य दिसला तर तारेत कुठेतरी गडबड आहे असं समजावं.

हर-टूचं घर वेगळं. तो पेशीपटलावर असतो, ग्रोथ फॅक्टर (पेशीला वाढीचा निरोप देणारी प्रथिनं) ओळखणाऱ्या चौघांच्या कुटुंबातला. गंमत अशी की हर-टूला स्वतःचा ग्रोथ फॅक्टर माहीतच नाही. तो कायम उघडा, जोडीदार शोधत असतो. त्याच कुटुंबातल्या हर-थ्रीचं स्वतःचं इंजिन जवळजवळ बंद पडलेलं. पण हे दोघे एकत्र आले की पीआय-३-किनेज आणि एकेटी ही जगण्याची वाट सर्वांत जोरात पेटते. सतराव्या गुणसूत्रावरचं हर-टूचं जनुक काही गाठींत अनेक पटींनी वाढलेलं असतं. तशा पेशंटमध्ये आजार लवकर उलटतो हे डेनिस स्लॅमन यांच्या गटानं १९८७ मध्ये दाखवलं, आणि १९९८ मध्ये हर-टूवरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

आता मुद्दा. वाढणं आणि पसरणं ही दोन वेगळी कामं आहेत. ऊस जागेवर उंच होतो. हरळी बुटकी असते, पण बांध ओलांडते. रिपोर्टमधला कुठला आकडा उसाचा आणि कुठला हरळीचा, हे जाणकारांनी इथं उलगडावं.

संगम_माहुली

चांगला धागा. वाचनखूण साठवली.

रेणूरंजन

हरळीची उपमा आवडली. तीच पुढे नेतो.

पसरायला पेशीला पाच-सहा दारं ओलांडावी लागतात. शेजारणीचा हात सोडायचा, पेशींच्या थराखालचा तळपडदा फोडायचा, रक्तवाहिनीत किंवा लसीकावाहिनीत शिरायचं, प्रवाहात जिवंत राहायचं, दुसरीकडे बाहेर पडायचं आणि तिथं संसार थाटायचा. शेवटचं दार सर्वांत अवघड. रक्तात उतरलेल्या पेशींपैकी फारच थोड्या दुसरी गाठ उभी करतात. बाकीच्या वाटेतच मरतात किंवा कुठेतरी निपचित पडून राहतात.

हात सोडवण्याचं काम प्रामुख्यानं ग्रोथ फॅक्टर करतात. ई-कॅडहेरिन हे पेशीपेशींना बांधून ठेवणारं प्रथिन. टीजीएफ-बीटा या ग्रोथ फॅक्टरचा निरोप आला की स्नेल, ट्विस्ट, झेब-१ ही नियंत्रक प्रथिनं चालू होतात आणि ई-कॅडहेरिनचं जनुक दाबतात. फरशीसारखी बसलेली पेशी लांबट, हिंडणारी होते. तळपडद्यातलं चौथ्या प्रकारचं कोलॅजेन एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही विकरं कापतात. एचजीएफ हा दुसरा महत्त्वाचा निरोप्या, त्याचा रिसेप्टर मेट. त्याचं जुनं नावच 'पेशी विखुरणारा घटक' असं होतं.

टीजीएफ-बीटा दुतोंडी आहे हे विसरू नये. सुरुवातीच्या गाठीत तो वाढ रोखतो. पेशीनं ते ब्रेक तोडले की त्याचा पसरवण्याचा गुण तेवढा शिल्लक राहतो. म्हणून "टीजीएफ-बीटा बंद करा, कॅन्सर थांबेल" इतकं सरळ औषध आजवर जमलेलं नाही.

आणि आता धाग्याचा खरा पेच: ईआर पेशीला वाढवतो, पण शिस्तीतही ठेवतो. ईआर चालू असला की एमटीए-३ नावाचं प्रथिन तयार होतं, ते स्नेलला दाबतं आणि ई-कॅडहेरिन टिकतं. हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. ईआर गेला की स्नेलवरचा हात सुटतो. म्हणजे तोच रिसेप्टर उसाला खत घालतो आणि हरळीला आवरतो. 'ईआर पॉझिटिव्ह सौम्य' या वाक्यामागचं एक कारण हे.

आयर्विन_पूल

रेणूरंजन, एक दुरुस्ती सुचवतो. ई-कॅडहेरिन गेलं म्हणजे ईआरही गेला असं नाही. लोब्युलर कॅन्सरमध्ये सीडीएच-१ जनुकच बिघडलेलं असतं, ई-कॅडहेरिन नाही, पेशी एकापाठी एक मुंग्यांच्या रांगेसारख्या घुसतात. तरी ईआर बहुतेक वेळा जोरात पॉझिटिव्ह. हा प्रकार पोटातलं आवरण, आतडं, अंडाशय असल्या अनपेक्षित जागी जातो. मॅमोग्राफीत ठळक गाठही पटकन दिसत नाही.

रेणूरंजन

मान्य. तिथं हात जनुकीय बिघाडानं सुटलेला असतो, स्नेलनं सोडवलेला नसतो. म्हणून त्या पेशी रूप न बदलताच हिंडतात.

संगम_माहुली

कॅन्सर-औषधोपचाराच्या बाजूनं थोडं.

कुठला प्रकार कुठे आणि कधी जातो यात रिसेप्टरची छाप दिसते. ईआर पॉझिटिव्हचा ओढा हाडांकडे. हर-टू पॉझिटिव्ह आणि ट्रिपल निगेटिव्ह (तिन्ही ओळी निगेटिव्ह) मेंदू, यकृत, फुप्फुस या दिशेनं जास्त. वेळेचं गणित त्याहून बोलकं आहे. ट्रिपल निगेटिव्ह उलटायचा तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत, पाच वर्षं काढली की धोका बराच उतरतो. ईआर पॉझिटिव्ह मात्र संथ. पाच वर्षं हार्मोन रोखणारी गोळी घेऊन थांबलेल्या स्त्रियांचा पुढच्या पंधरा वर्षांचा एकत्रित अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात दूरवर उलटण्याचा धोका मूळ गाठीचा आकार, काखेतल्या गाठी आणि गाठीची ग्रेड यांनुसार १० ते ४१ टक्के निघाला. म्हणजे 'सौम्य' हा शब्द चुकीचा, 'सावकाश' म्हणा. "पाच वर्षं झाली, आता मोकळे" हे वाक्य ईआर पॉझिटिव्ह पेशंटला सांगू नये.

अंडाशय काढल्यावर पसरलेला स्तनाचा कॅन्सर ओसरतो हे ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये छापलं. तेव्हा रिसेप्टर हा शब्दही या अर्थानं कुणाला माहीत नव्हता. आज तेच काम टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम रोज करतं. पाच वर्षं नीट घेतलं तर त्या पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. पाळी थांबलेल्यांना लेट्रोझोल २.५, ॲनास्ट्रोझोल १ किंवा एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम. या गोळ्या अरोमाटेज विकर रोखतात. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत याच विकरानं बनतं. पाळी चालू असलेल्या बाईला नुसतं लेट्रोझोल देणं ही चूक अजून दिसते. इस्ट्रोजेन उतरलं की मेंदू अंडाशयाला उलट जास्त हाकारतो, आणि घात होतो. आधी अंडाशय झोपवायला हवं, उदाहरणार्थ गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅम दर २८ दिवसांनी. केमोनं पाळी गेली म्हणजे कायमची गेली असंही धरू नये.

आता ग्रोथ फॅक्टर इथं कुठे येतात? आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पाटाचं पाणी तोडलं तरी ऊस बोअरवर जगतो. हार्मोन हा पाट, ग्रोथ फॅक्टर हा बोअर. ईजीएफआर (ईजीएफ या ग्रोथ फॅक्टरचा रिसेप्टर) किंवा हर-टूकडून निघालेला रास-राफ-मेक-अर्क हा निरोप ईआरच्या ११८ क्रमांकाच्या सेरिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवतो, एकेटीकडून १६७ क्रमांकावर. मग इस्ट्रोजेन नसतानाही ईआर जागा होतो. हर-टू आणि ईआर दोन्ही पॉझिटिव्ह असलेल्या गाठीत नुसती हार्मोनची गोळी का अपुरी पडते याचं मूळ यात आहे.

टिश्यूटेक

हे सगळं आकड्यांवर उभं आहे आणि आकडा उभा आहे नमुना टिकवणाऱ्या फॉर्मलिनच्या बरणीवर. त्यावर कुणी बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

जत, आटपाडी, विटा, कोरेगाव, फलटणहून येणाऱ्या नमुन्यांत ठरलेल्या चुका दिसतात. नमुना सलाइनमध्ये. नमुना बर्फात. अख्खा स्तन लोणच्याच्या बरणीत दाबून बसवलेला, वर दोन बोटं फॉर्मलिन. एसटीच्या पार्सलनं आलेली गळकी डबी. मे महिन्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा अशा बरणीत मधली चरबी सडलेली असते.

काय करायचं:

नमुना शरीरातून निघाल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे आणि ती वेळ चिठ्ठीवर लिहिली पाहिजे. फॉर्मलिन नमुन्याच्या किमान दहापट. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन एक लिटर बनवायचं तर: बाटलीतलं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या आसपास आहे का ते पट्टीनं बघायचं. नुसतं पाणी घातलेलं फॉर्मलिन ठेवल्यावर त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं. स्लाइडवर काळपट-तपकिरी कण दिसतात आणि ईआरचा रंग फिका पडतो.

मोठा नमुना कापल्याशिवाय बुडवू नये. कडांना शाई लावून, मागच्या बाजूनं गाठीतून छेद घेऊन ५ ते १० मिलिमीटरचे काप पाडायचे आणि कापांमध्ये गॉज ठेवायचा. फॉर्मलिन पहिल्या तासांत अंदाजे तासाला मिलिमीटर या वेगानं आत शिरतं, पण शिरणं वेगळं आणि प्रथिनांना बांधणं वेगळं. बांधायला वेळ लागतोच. म्हणून सुईच्या बारीक तुकड्यालाही किमान ६ तास. वरची मर्यादा ७२ तास. शनिवारी दुपारी ऑपरेशन, सोमवारी सुट्टी, मंगळवारी सकाळी कुरिअर, बुधवारी ग्रॉसिंग (नमुना बघून काप घेणं): झाले की नव्वद तास. अशा वेळी शनिवारीच काप पाडा आणि रविवारी प्रोसेसिंगला लावणारा माणूस ठरवा.

रिपोर्टची घाई म्हणून सुईचा तुकडा दोन तासांत प्रोसेसरला लावला तर काय होतं? फॉर्मलिननं न बांधलेल्या प्रथिनांना पुढची अल्कोहोल गोठवते. कडेला रंग छान, मधे पांढरं. त्यातून खोटा निगेटिव्ह ईआर निघतो आणि त्या बाईची पाच-दहा वर्षांची गोळी हुकते.

पॅराफिन_ब्लॉक

टिश्यूटेक, शंभर टक्के. अँटिजेन रिट्रीव्हलबद्दलही (फॉर्मलिननं झाकलेली प्रथिनं गरम बफरमध्ये पुन्हा उघडी करणं) लिहा ना, आपल्या भागात तिथं एक खास अडचण आहे.

टिश्यूटेक

लिहितो. ३ ते ४ मायक्रॉनचा छेद, धनभारित स्लाइडवर, ६० अंशांना तासभर. झायलीन, उतरती अल्कोहोल, पाणी. ईआरसाठी ट्रिस-ईडीटीए पीएच ९: लिटरला ट्रिस बेस १.२१ ग्रॅम, ईडीटीए ०.३७ ग्रॅम, ट्वीन-२० अर्धा मिली. ९५ ते ९८ अंशांना २० मिनिटं, मग त्याच बफरमध्ये २० मिनिटं निवू द्यायचं. गरम स्लाइड बाहेर ओढली की छेद वाळतो नाहीतर सुटतो.

खास अडचण म्हणजे उंची. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर, म्हणून पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. महाबळेश्वरला ९६ च्याही खाली. वॉटरबाथवर ९८ चा आकडा लावून बसलात तर बफर बुडबुडत राहतो आणि चरबीवाला छेद उचलला जातो. ९५ वर ठेवा आणि वेळ तुमच्या कंट्रोलवर (निकाल आधीच माहीत असलेल्या नमुन्यावर) पडताळून घ्या, नाहीतर सरळ प्रेशर कुकर. स्वयंपाकघरातला कुकर शिट्टीवर चालतो, तो यासाठी नको.

पुढे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, प्रायमरी अँटिबॉडी, पॉलिमर, डीएबी (तपकिरी रंग देणारं), हिमॅटॉक्सिलिन. डीएबी ताजं मिसळा, हातमोजे घाला, बेसिनमध्ये ओतू नका. आणि कापून ठेवलेल्या कोऱ्या स्लाइड सहा आठवड्यांपेक्षा जुन्या वापरू नका. ब्लॉक टिकतो, छेद टिकत नाही.

पॅराफिन_ब्लॉक

आता वाचन. ईआर केंद्रकात मोजायचा. १ टक्का किंवा जास्त पेशी रंगल्या की पॉझिटिव्ह. १ ते १० टक्के असेल तर २०२० च्या अमेरिकन मार्गदर्शनानुसार 'लो पॉझिटिव्ह' असं स्पष्ट लिहायचं, कारण त्यातल्या बऱ्याच गाठी वागायला ट्रिपल निगेटिव्हसारख्या असतात. ८/८ हा आकडा ऑलरेड पद्धतीचा: किती पेशी रंगल्या याचे ० ते ५ आणि किती गडद याचे ० ते ३. तीनपासून पुढे पॉझिटिव्ह. एक हा गुण या पद्धतीत येऊच शकत नाही. रिपोर्टवर 'ऑलरेड १' दिसलं तर लिहिणाऱ्याची चूक आहे.

निगेटिव्ह म्हणण्याआधी शेजारच्या निरोगी दूधनळीकडे बघायचं. तिथल्या काही पेशी रंगल्याच पाहिजेत. त्याही कोऱ्या असतील तर निगेटिव्ह लिहायचं नाही, परत करायचं. ईआर निगेटिव्ह आणि पीआर पॉझिटिव्ह आला तरीही परत करायचं. पीआर ईआरच्या हुकमानं बनतो, मग हुकूम देणारा कुठे गेला?

हर-टू पेशीपटलावर मोजायचा, आणि फक्त घुसलेल्या भागात. डीसीआयएसमध्ये, म्हणजे नळीच्या आतच राहिलेल्या कॅन्सरमध्ये, हर-टू अनेकदा गडद असतो, तो मोजला की घात. ३+ म्हणजे १० टक्क्यांहून जास्त पेशींना पूर्ण, गडद कडं. २+ म्हणजे कडं पूर्ण पण फिकं ते मध्यम. हा 'अर्धा पॉझिटिव्ह' नाही, हा 'फिश करा' (जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी) असा निरोप आहे. फिशमध्ये हर-टू आणि सतराव्या गुणसूत्राच्या मध्याचं गुणोत्तर २.० किंवा वर, आणि सरासरी प्रती ४.० किंवा वर असतील तर पॉझिटिव्ह. सुईच्या तुकड्याच्या चिरडलेल्या कडा नेहमी जास्त गडद दिसतात, त्या सोडायच्या.

गोळीकुपी_विटा

औषधाच्या काउंटरवरून भर.

टॅमॉक्सिफेन स्वतः अर्धकच्चं आहे. यकृतातलं सीवायपी-२डी-६ विकर त्याचं एन्डॉक्सिफेन करतं, खरं काम ते करतं. पॅरॉक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीन हे विकर अडवतात. आणि या गोळ्या बहुधा कशासाठी लिहिलेल्या असतात? टॅमॉक्सिफेननं येणाऱ्या अंगातल्या वाफा आणि उदासीनतेसाठीच! दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकत्र आल्या की हे पकडणं औषधवाल्याचं काम. व्हेन्लाफॅक्सीन हा बदल डॉक्टरांना विचारून सुचवता येतो. पाय सुजून दुखला किंवा पाळी थांबल्यावर अंगावरून रक्त गेलं तर टॅमॉक्सिफेनवाल्या बाईला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर हे दोन धोके खरे आहेत.

ट्रास्टुझुमॅबची कुपी हलवायची नाही. ४४० मिलिग्रॅमच्या कुपीत सोबतचं २० मिली पाणी भिंतीवरून सोडायचं, हलकेच गोल फिरवायचं, फेस बसायला पाच मिनिटं द्यायची. एका मिलीत २१ मिलिग्रॅम होतं. पुढे फक्त नॉर्मल सलाइनमध्ये. ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये प्रथिन गोळा होतं. तीन आठवड्यांच्या वेळापत्रकात पहिला डोस किलोला ८ मिलिग्रॅम, ९० मिनिटांत, नंतर ६. सुरू करण्याआधी आणि दर तीन महिन्यांनी इको. भारतात बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाची जवळची प्रत, २०१४ पासून मिळतं, त्यामुळे एकेकाळी अशक्य असलेली ही गोष्ट आता आवाक्यात येऊ लागली आहे. खेड्यातून आणताना आइसपॅकला कुपी थेट चिकटू देऊ नका, गोठली की गेली. २ ते ८ अंश म्हणजे शून्य नव्हे.

आयर्विन_पूल

सांगलीत बसून हळदीचा विषय टाळता येणार नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रंग-वासासाठी, कॅन्सरसाठी नव्हे. प्रयोगशाळेत हळदीतलं कर्क्युमिन ईजीएफआरपासून व्हीईजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरपर्यंत सगळ्यावर 'चालतं'. जे सगळ्यावर चालतं त्यावर संशय घ्यावा. हा रेणू बऱ्याच चाचण्यांत खोटी खूण देतो, आणि पोटातून ग्रॅममध्ये दिला तरी रक्तात किंचितच पोहोचतो.

गोळीकुपी_विटा

भाजीतली हळद खुशाल खावी हो. अडचण कॅप्सूलची आहे, त्यातही मिरीचा अर्क घातलेल्या. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात कर्क्युमिनबरोबर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांच्या रक्तात एन्डॉक्सिफेन कमी झालेलं दिसलं, मिरीच्या अर्कानं आणखी थोडं. पाच वर्षं नेमानं गोळी घ्यायची आणि ती स्वतःच पातळ करायची, कशाला?

सोयाबीनचंही तेच. कराड-वाळव्यात शेतोशेती सोयाबीन, त्यामुळे प्रश्न येतोच. त्यातलं जेनिस्टीन ईआर-अल्फापेक्षा ईआर-बीटाला जास्त धरतं. जेवणातल्या सोयामुळे आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसत नाही. आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या मात्र टाळाव्यात.

पेट्रीडिश

एम.एस्सी. प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी, कारण धाग्याचा मूळ मुद्दा, वाढ की पसरणं, प्रयोगातच सर्वांत जास्त चुकतो.

एमसीएफ-७ ही ईआर पॉझिटिव्ह पेशीमाला. तिच्यावर इस्ट्रोजेनचा परिणाम बघायचा आणि माध्यमात फिनॉल रेड ठेवायचं, हे जमत नाही. तो लाल रंग स्वतःच हलका इस्ट्रोजेनसारखा वागतो हे १९८६ पासून माहीत आहे. सीरममध्येही हार्मोन असतात. म्हणून फिनॉल रेडविना माध्यम आणि कोळशानं निवळलेलं सीरम, किमान तीन दिवस, मग प्रयोग.

ट्रान्सवेल (पेशी छिद्रांतून खाली सरकतात का ते बघणारी चाचणी): ८ मायक्रॉन छिद्रांचं इन्सर्ट, वर सीरमविना २०० मायक्रोलिटरमध्ये ५० हजार पेशी, खाली ६०० मायक्रोलिटर माध्यमात ईजीएफ १० ते ५० नॅनोग्रॅम प्रति मिली. २४ तासांनी वरच्या पेशी कापसाच्या बोळ्यानं पुसून, मिथेनॉलनं स्थिर करून क्रिस्टल व्हायोलेट. घुसण्याची ताकद बघायची तर वर तळपडद्यासारख्या मॅट्रिजेलचा थर. तो बर्फावरच हाताळायचा, नाहीतर पिपेटमध्येच खरवस होतो.

नेहमीची फसगत स्क्रॅच चाचणीत होते, म्हणजे पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो भरतो का ते बघण्यात. ईजीएफ घातलं, ४८ तासांत ओरखडा भरला, निष्कर्ष "पेशी सरकल्या". कशावरून? त्या जागेवर वाढूनही भरल्या असतील. मायटोमायसिन-सीनं विभाजन थांबवा किंवा १२ ते २४ तासांत मोजा. आणि खालच्या कप्प्याइतकंच ईजीएफ वरही घालून एक वेल ठेवा. तरीही पेशी तेवढ्याच खाली आल्या तर त्या नुसत्या चाळवल्या आहेत, दिशा धरून निघालेल्या नाहीत.

शरीरात ही दिशा कोण देतं? मॅक्रोफेज, म्हणजे प्रतिकारशक्तीची एक पेशी. गाठीतली पेशी सीएसएफ-१ हा ग्रोथ फॅक्टर सोडते, मॅक्रोफेज ईजीएफ सोडतो, दोघं एकमेकांना ओढत रक्तवाहिनीपर्यंत जातात. हे उंदरांत जिवंत चित्रणात दिसलं आहे.

संगम_माहुली

हाडाचं राहिलं.

स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये बी (कॅन्सरची पेशी) आणि जमीन (ती रुजते तो अवयव) ही कल्पना मांडली, ती हाडात सर्वांत चांगली दिसते. कॅन्सरची पेशी पीटीएचआरपी हे प्रथिन सोडते. हाड बांधणाऱ्या पेशी त्यानं रँक-लायगँड हा निरोप वाढवतात, त्यावर हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी माजतात. हाड विरघळलं की त्यात साठवलेला टीजीएफ-बीटा आणि आयजीएफ-१ मोकळा होतो आणि तो कॅन्सरच्या पेशीलाच खत म्हणून मिळतो. ती आणखी पीटीएचआरपी सोडते. जमीनच बियाला खत पुरवते.

हे चक्र झोलेड्रॉनिक आम्लानं तोडतात: ४ मिलिग्रॅम, १०० मिली सलाइनमध्ये, १५ मिनिटांपेक्षा कमी वेळात कधीच नाही, घाई केली की किडनीला मार. रिंगर लॅक्टेटमध्ये नको, त्यात कॅल्शियम आहे. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीच्या कामाचं माप) ६० किंवा खाली असेल तर डोस उतरवायचा, ३० च्या खाली द्यायचंच नाही. सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे. किडका दात नंतर उपटला आणि जबड्याचं हाड उघडं पडलं तर ते महिनोन्‌महिने भरत नाही. ड जीवनसत्त्व कमी असताना दिलं तर रक्तातलं कॅल्शियम कोसळतं, ओठांना-बोटांना मुंग्या येतात.

टिश्यूटेक

हाडाच्या नमुन्याबद्दल एक ओळ: हाड मऊ करायला नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं तर ईआर उडतो आणि फिशसाठीचा डीएनए तुटतो. ईडीटीए वापरा, वेळ लागला तरी चालेल. मऊ भाग आधीच वेगळा काढता आला तर तो आम्लात घालूच नका.

आयर्विन_पूल

पुरुषांचं उदाहरणही जोडू या. प्रोस्टेटमध्ये हाच खेळ अँड्रोजेन रिसेप्टरचा. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये वृषण काढून पसरलेला आजार ओसरतो हे दाखवलं, १९६६ मध्ये नोबेल. तिथंही टेस्टोस्टेरॉन तोडल्यावर पेशी रिसेप्टरच्या प्रती वाढवतात किंवा हार्मोन पकडणारा भागच नसलेला, कायम चालू असणारा एआर-व्ही-७ बनवतात. फरक हाडात: स्तनाचा आजार बहुधा हाड पोखरतो, प्रोस्टेटचा बहुधा वेडंवाकडं नवं हाड घालतो.

रेणूरंजन

स्तनातही तसंच. अरोमाटेज रोखणाऱ्या गोळ्यांवर दीर्घकाळ असलेल्या, पसरलेल्या आजारात ईआरच्याच, ईएसआर-१ नावाच्या जनुकात ५३७ आणि ५३८ या जागी बदल दिसतात. रिसेप्टर हार्मोनविनाच चालू स्थितीत अडकतो. पाट बंद, बोअरही नको, पंप स्वतःच फिरतोय. हा बदल रक्तात फिरणाऱ्या डीएनएत सापडतो. मूळ गाठीच्या ब्लॉकमध्ये बहुधा नसतो, कारण तो उपचाराच्या दाबाखाली नंतर निवडला जातो. त्यावर एलासेस्ट्रंट या औषधाला अमेरिकेत २०२३ च्या जानेवारीत मंजुरी मिळाली.

संगम_माहुली

म्हणूनच पसरलेला आजार दिसला की शक्य तिथं नवा तुकडा घ्यावा. जुन्या रिपोर्टवर ईआर पॉझिटिव्ह असलेली गाठ यकृतात निगेटिव्ह निघू शकते, पीआर तर त्याहून जास्त वेळा हरवतो. नवा तुकडा खूप छोटा असेल तर तपासण्यांचा क्रम आधीच ठरवा: ईआर, पीआर, हर-टू पहिल्यांदा. सगळे मार्कर मागत बसलात तर ब्लॉक संपतो.

गोळीकुपी_विटा

विचारायचं राहिलं. २०१५-१६ चे ब्लॉक परत तपासायला चालतात का? त्या वेळी हर-टू १+ म्हणजे निगेटिव्ह म्हणून सोडलेले बरेच जण आता 'हर-टू लो'बद्दल विचारतात.

पॅराफिन_ब्लॉक

चालतात, ब्लॉक थंड, कोरड्या जागी आणि मेणानं झाकलेला असेल तर. लॅबकडून ब्लॉक मागताना नंबर, ऑपरेशनची तारीख आणि किती वेळ फॉर्मलिनमध्ये होता ही नोंद मागा. पहिले दोन-तीन छेद टाकून द्या, वरचा थर वाळलेला असतो. नवा कंट्रोल त्याच स्लाइडवर ठेवा. मात्र 'लो' म्हणजे १+, किंवा २+ आणि फिश निगेटिव्ह. ० आणि १+ यांतली रेघ इतकी बारीक आहे की दोन पॅथॉलॉजिस्टांचं एकमत होणं अवघड, म्हणून ही स्लाइड ४० च्या भिंगाखाली, दोघांनी वेगवेगळी बघावी. 'लो'वरचं औषध हा पसरलेल्या आजारासाठीचा विषय आहे. जी बाई दहा वर्षं ठणठणीत आहे तिचा ब्लॉक उगाच कापू नका.

टिश्यूटेक

आणि कापलाच तर उरलेल्या ब्लॉकवर पुन्हा मेण ओता. हे विसरतात सगळे.